विटेच्या पोटातली हवा

तेलंगणातल्या मुलुगु जिल्ह्यात पालमपेट नावाचं गाव आहे. काकतीय राजवटीत, इ. स. १२१३ मध्ये, रेचर्ल रुद्र या सेनापतीने तिथे शंकराचं देऊळ बांधायला घेतलं. आज ते रामप्पा मंदिर म्हणून ओळखलं जातं आणि २०२१ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. देवळाचे खांब आणि तुळया ग्रॅनाइट व डोलेराइटच्या आहेत, शिखर मात्र विटांचं. आणि या विटा पाण्यात टाकल्या तर तरंगतात. शिखराचा भार खालच्या बांधकामावर कमी यावा, म्हणून कारागिरांनी त्या इतक्या हलक्या केल्या.

विटेने तरंगायचं म्हणजे काय, याचा हिशोब सोपा आहे. भाजलेल्या मातीचं नुसतं घन द्रव्य पाण्याच्या सुमारे २.६ पट जड असतं. त्याची वीट पाण्याहून हलकी व्हायची, तर तिच्या आकारमानाचा जवळजवळ ६२ टक्के भाग रिकामा हवा. म्हणजे शंभरात बासष्ट भाग हवा आणि अडतीस भाग माती. त्यातही त्या रिकाम्या जागेत पाणी भरभर शिरता कामा नये, नाहीतर थोडा वेळ तरंगून वीट तळ गाठेल.

रामप्पाच्या कारागिरांना या हवेकडून एकच काम हवं होतं, वजन कमी करण्याचं. पण तीच हवा आणखी एक काम करते. इटलीतल्या फ्लॉरेन्सचे शास्त्रज्ञ जोव्हानी फाब्रोनी यांनी १७९१ मध्ये ते दाखवून दिलं. तरंगणाऱ्या विटांचा उल्लेख व्हिट्रुव्हियस या प्राचीन रोमन वास्तुशास्त्रज्ञाने केला होता. फाब्रोनींनी तशा विटा टस्कनीतल्या एका पांढऱ्या, भुसभुशीत मातीपासून पुन्हा तयार केल्या. ही माती म्हणजे डायाटम नावाच्या सूक्ष्म शैवालांच्या सिलिकायुक्त कवचांचा थर. एकेक कवच आतून पोकळ आणि जाळीदार. या विटेचं एक टोक लालबुंद तापलं तरी दुसरं टोक हातात धरता येत होतं. त्यांनी एका जुन्या बोटीवर या विटांची छोटी खोली बांधली, तिच्यात बंदुकीची दारू ठेवली आणि बोट पेटवून दिली. बोट जळून बुडाली, दारूचा स्फोट झाला नाही.

उष्णता अडवायची तर विटेत पोकळी हवी, हे यातून दिसलं. मात्र पोकळी किती आहे यापेक्षा ती कशी आहे यावर बरंच काही अवलंबून असतं. हे प्रकरण त्याबद्दलच आहे.

बादलीतली वीट

साधी लाल वीट हातात घेतली तर ती भरीव वाटते. तिच्यातली हवा बघायला प्रयोगशाळा लागत नाही, तराजू आणि बादली पुरे. चांगली वाळलेली वीट पाण्यात सोडली की आधी सूंऽ असा बारीक आवाज येतो, मग चारही बाजूंनी बुडबुड्यांच्या माळा वर येऊ लागतात. पाणी आत जातंय आणि हवा बाहेर पडतेय. गवंडी विटा रचण्याआधी त्या भिजवून घेतो तो याच कारणाने. कोरडी वीट मसाल्यातलं पाणी पिऊन टाकते आणि मग सिमेंट नीट धरत नाही.

आता थोडी आकडेमोड करू. २३० × ११० × ७० मिलिमीटरच्या विटेचं आकारमान सुमारे १.७७ लिटर. ती कोरडी असताना ३ किलो भरली असं धरू. २.६ ने भागलं की घन मातीची जागा निघते, १.१५ लिटर. उरलेली ०.६२ लिटर, म्हणजे सुमारे ३५ टक्के, पोकळी. चोवीस तास भिजवल्यावर तिचं वजन ४५० ग्रॅमने वाढलं, तर पाणी त्या पोकळीतल्या ०.४५ लिटर जागेतच पोचलं. ही झाली उघडी पोकळी. उरलेली सुमारे १० टक्के पोकळी एकतर सगळीकडून बंद आहे, किंवा तिच्यातली हवा अडकून पडली आहे.

भारतीय मानक आय.एस. १०७७ नुसार साध्या विटेने चोवीस तासांत आपल्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ नये, आणि अधिक ताकदीच्या वर्गातल्या विटेने १५ टक्क्यांहून जास्त. आपल्या उदाहरणातली वीट १५ टक्के पिते, म्हणजे ती चांगल्यात मोडते. चांगल्या विटेच्याही आत एक तृतीयांश हवाच असते.

पोकळी भट्टीत घडते

गारा मळताना मातीत पाणी असतं. कच्ची वीट वाळली की ते पाणी उडतं आणि कणांमध्ये सांदी राहतात. खरी घडामोड पुढे, भट्टीत होते. १०० अंशांच्या आसपास उरलीसुरली ओल जाते. २०० ते ५०० अंशांच्या दरम्यान मातीतला पालापाचोळा, मुळं, तूस जळून जातात आणि त्यांच्या जागा रिकाम्या होतात. ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान चिकणमातीच्या स्फटिकांत बांधलेलं पाणी सुटतं. त्यापुढे मातीतल्या चुनखडीतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि तोही आपली जागा सोडून जातो.

पश्चिम महाराष्ट्रातले भट्टीवाले मातीत राख, भाताचं तूस किंवा साखर कारखान्यातला बगॅस मिसळतात. त्यांचा हेतू व्यवहाराचा असतो. काळी माती वाळताना तडकते, ती या मिश्रणाने कमी तडकते, आणि विटेच्या आतच जळण असल्याने कोळसा वाचतो. पण प्रत्येक काडी जळून गेली की तिच्या आकाराची पोकळी मागे राहते. औष्णिक वीज केंद्रांच्या ५० किलोमीटरच्या परिसरातल्या विटांत वजनाने किमान २५ टक्के राख मिसळावी, असा नियम केंद्र सरकारने १९९९ मध्ये केला. तो राखेची विल्हेवाट लावण्यासाठी होता, तरी वीट त्यामुळे हलकी झाली.

काय मिसळलं यावर पोकळीचं रूप ठरतं. लाकडाचा भुसा जवळपास पूर्ण जळतो आणि मागे फारशी राख ठेवत नाही. तुसाच्या वजनाचा सुमारे पाचवा भाग राख म्हणून उरतो आणि ती मुख्यतः सिलिका असते, त्यामुळे तुसाने केलेल्या पोकळीत एक नाजूक सांगाडा राहतो. जळायला पुरेशी हवा मिळाली नाही तर काम अर्धवट होतं. अशी वीट फोडून बघा. बाहेरून लाल आणि मध्यभागी काळा पट्टा दिसेल. तो न जळलेला कार्बन.

साधारण ९०० अंशांच्या पुढे चित्र उलटतं. मातीतले क्षार वितळू लागतात, काचेसारखा रस कणांमध्ये पसरतो आणि त्यांना सांधतो. बारीक भोकं भरतात, मोठी गोल होतात, काही कायमची बंद होतात. आग आणखी वाढली तर वीट आकसते, काळपट पडते, वाकडी होते. भट्टीच्या तोंडाशी सापडलेल्या जास्त भाजलेल्या विटा दगडासारख्या जड लागतात त्या यामुळेच. आग आधी पोकळी उघडते आणि नंतर मिटवते. भट्टी कुठे थांबवायची, यावर विटेचा स्वभाव ठरतो.

उष्णतेची वाट

एखादा पदार्थ उष्णता किती सहज जाऊ देतो हे मोजायला उष्णतावाहकता हा आकडा वापरतात. एक मीटर जाडीच्या, एक चौरस मीटर क्षेत्राच्या थरातून, दोन्ही बाजूंच्या तापमानात एका अंशाचा फरक असताना किती वॅट उष्णता जाते, तो हा आकडा. स्थिर हवेचा ०.०२६, पाण्याचा ०.६, साध्या लाल विटेचा ०.६ ते १. वाळूतल्या क्वार्ट्झचा सहाच्याही वर. म्हणून सारखीच पोकळी असलेल्या दोन विटांपैकी जिच्यात वाळू जास्त, ती उष्णता जास्त वाहून नेते.

विटेतली उष्णता जाते कशी? कोकणात भरल्या भातखाचरांतून पलीकडच्या वाडीला जायचं असेल तर माणूस सरळ चिखलात उतरत नाही, बांधाबांधाने वळणं घेत जातो. उष्णताही तेच करते. भाजलेल्या मातीचे कण आणि त्यांना जोडणारे सांधे हे तिचे बांध, हवेच्या पोकळ्या ही तिची खाचरं. खाचरं वाढली की दोन गोष्टी होतात. बांध अरुंद होतात आणि वाट लांबते.

याचं गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८७३ च्या आपल्या ग्रंथात विजेच्या वहनासाठी मांडलं. पुढे तेच सूत्र उष्णतेला लावलं गेलं. गोल, एकमेकींपासून सुट्या पोकळ्या धरल्या आणि हवेतून जाणारी थोडी उष्णता सोडून दिली, तर ३० टक्के पोकळी असलेल्या विटेची वाहकता भरीव मातीच्या ६१ टक्के राहते. ६० टक्के पोकळीला ती ३१ टक्क्यांवर येते. प्रत्यक्षातली वीट या सूत्राला तंतोतंत जुमानत नाही, कारण तिच्यातल्या पोकळ्या गोल नसतात. उष्णतेच्या वाटेत आडव्या पसरलेल्या चपट्या भेगा गोल भोकांपेक्षा कितीतरी जास्त अडवतात. त्याच भेगा वाटेच्या दिशेने उभ्या असल्या तर फारसा उपयोग होत नाही.

लहान पोकळी, मोठी पोकळी

हवा उष्णता अडवते ती स्थिर असेल तरच. मोठ्या पोकळीत गरम हवा वर जाते, थंड हवा खाली येते आणि हा फेरा उष्णता पलीकडे पोचवतो. मिलिमीटरहून लहान भोकांत हवेला फिरायला जागाच नसते. साध्या विटेतली बहुतेक भोकं मिलिमीटरच्या दहाहजाराव्या ते शंभराव्या भागाएवढी असतात, म्हणजे केसाच्या जाडीहूनही लहान. तिथे हवा मुकाट पडून राहते.

दुसरी गळती प्रारणाची. पोकळीची तापलेली भिंत समोरच्या भिंतीकडे अदृश्य किरणांनी उष्णता फेकते. ही गळती पोकळीच्या रुंदीबरोबर वाढते आणि निरपेक्ष तापमानाच्या घनाबरोबरही. खोलीतलं तापमान सुमारे ३०० केल्विन आणि भट्टीचं १२०० केल्विन धरलं, तर चौपट तापमानाला गळती चौसष्टपट होते. घराच्या भिंतीत हे दुर्लक्षून चालतं, भट्टीत नाही. कोल्हापूरच्या फौंड्र्यांपासून चाकणच्या कारखान्यांपर्यंत उष्णता-प्रक्रियेच्या भट्ट्यांना आतून जी पांढरट, हलकी इन्सुलेशन वीट लावतात, तिच्यात पोकळी भरपूर असली तरी ती बारीक ठेवण्यावर भर असतो. १२६० अंशांपर्यंत टिकणाऱ्या अशा विटेची वाहकता ०.१५ च्या आसपास असते आणि ती हॅकसॉने लाकडासारखी कापता येते.

आरपार भोकं असलेल्या मोठ्या ब्लॉकांमागचा विचारही हाच आहे. एक मोठं भोक ठेवण्याऐवजी अरुंद भोकांच्या अनेक ओळी ठेवायच्या, आणि एका ओळीतली भोकं दुसऱ्या ओळीच्या मधोमध येतील अशी सरकवायची. मग मधल्या मातीच्या पट्ट्यांतून सरळ वाट उरत नाही. १८१९ मध्ये व्हिएन्नात सुरू झालेली वीनरबर्गर ही कंपनी कर्नाटकात कुणिगलला असे ब्लॉक बनवते. जर्मनीत याच भोकांत पर्लाइट किंवा खनिज लोकर भरून वाहकता ०.०७ पर्यंत खाली आणली आहे.

ओल घात करते

पाण्याची वाहकता स्थिर हवेच्या सुमारे २३ पट. साहजिकच, पोकळीत हवेऐवजी पाणी शिरलं की विटेचा रोधकपणा घसरतो. पण तो ज्या वेगाने घसरतो ते चकित करणारं आहे. अभियंत्यांच्या नेहमीच्या कोष्टकांनुसार विटेच्या आकारमानाच्या १० टक्के ओल असली तर वाहकता कोरड्या विटेच्या साधारण दुप्पट होते. एवढ्याशा पाण्याने एवढा फरक का? कारण पाणी आधी पोकळीच्या मधोमध भरत नाही. ते कणांच्या सांध्यांशी, बेचक्यांत जमतं. उष्णतेचा बांध नेमका जिथे अरुंद होता, तिथेच पाणी त्याला रुंद करून देतं. शिवाय गरम बाजूला पाण्याची वाफ होते, ती पोकळीतून थंड बाजूला जाते, तिथे तिचं पुन्हा पाणी होतं आणि वाहून आणलेली उष्णता ती तिथे सोडून देते.

उघड्या आणि बंद पोकळीतला भेद इथे कळीचा ठरतो. माठाला उघडीच पोकळी लागते. पाणी झिरपून बाहेर आलं आणि उडालं तरच आतलं पाणी गार होतं, म्हणून चकाकी दिलेल्या बरणीत पाणी गार होत नाही. भिंतीची गरज वेगळी. तिला हवा धरून ठेवणारी, पाण्याला दाद न देणारी पोकळी हवी. भट्टीत सगळी पोकळी बंद करता येत नाही. ती कामगिरी बाहेरच्या गिलाव्याने, छज्ज्याने आणि पायथ्याशी घातलेल्या ओलरोधक थराने पार पाडावी लागते. पश्चिमेचा पाऊस झेलणारी उघडी भिंत जून ते सप्टेंबर पाणी पिते. तिला लोणा लागतो, रंगाचे पोपडे सुटतात, आणि पावसाळा संपल्यावरही ती वाळेपर्यंत उष्णतेला जास्त मोकळी वाट देत राहते.

गच्चीवरचा ब्रिकबॅट कोबा हे त्याचंच उदाहरण. विटांचे तुकडे मसाल्यात बसवून केलेला हा थर कोरडा असेल तर उन्हाला थोडाफार अडवतो. वरच्या थराला तडे गेले की तेच तुकडे पाणी साठवून ठेवतात, आणि गळतीचा उगम शोधताना घरमालक हैराण होतो.

ताकद देऊन ऊब घ्यायची

पोकळी फुकट मिळत नाही. यूजीन रिशकेविच यांनी १९५३ मध्ये सच्छिद्र सिरॅमिकवर केलेल्या मोजमापांत, पोकळी १० टक्क्यांनी वाढली की दाब सोसण्याची ताकद जवळजवळ निम्मी झाल्याचं आढळलं. पुढची प्रत्येक वाढ उरलेल्या ताकदीतून पुन्हा तसाच घास घेते. विटेचं प्रमाण वेगळं असलं तरी उतरण तशीच असते.

म्हणून जुन्या गवंड्याची कसोटी होती आवाजाची. दोन विटा एकमेकींवर आपटायच्या, खणखण वाजल्या तर घ्यायच्या. भिंतीवर माळा आणि छप्पर तोलायचं होतं तोवर ही कसोटी रास्त होती. आज आरसीसीच्या इमारतीत भार खांब आणि तुळया पेलतात, विटेची भिंत फक्त मधली जागा भरते. तिथे खणखणाटासाठी वाहकता पत्करणं तोट्याचं आहे. आगीशिवाय, ॲल्युमिनियमच्या भुकटीने बुडबुडे आणून वाफेत शिजवलेले ब्लॉक, ज्यांना आपल्याकडे सरसकट सिपोरेक्स म्हणतात, ते याच हिशोबावर बाजारात टिकले.

मात्र बद्द वाजणारी प्रत्येक वीट सच्छिद्र म्हणून चांगली, असं नाही. कमी भाजलेली वीटही बद्दच वाजते. तिच्यावर नखाने ओरखडा उठतो, आणि भिजवली की तिच्या कडा विरघळू लागतात. नीट भाजलेली सच्छिद्र वीट भिजूनही कडा सोडत नाही.

भिंतीचा हिशोब

लाल विटेच्या नऊ इंची भिंतीची वाहकता ०.८ धरू. बाहेर आणि आत १० अंशांचा फरक असताना अशा १० चौरस मीटर भिंतीतून सुमारे २२० वॅट उष्णता आत येते. तिच्याऐवजी २० सेंटिमीटर जाडीचा, ०.२ वाहकतेचा सच्छिद्र ब्लॉक वापरला तर ती सुमारे ८५ वॅटवर येते. एसी रात्रभर चालणाऱ्या घरात हा फरक बिलात दिसतो. घरांच्या बाह्य आवरणातून किती उष्णता आत यावी यावर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या २०१८ च्या ‘इको निवास संहिते’ने मर्यादा घातली आहे. ती गाठायला विटेची निवड मोठा हातभार लावते.

उष्णता किती येते याइतकंच ती केव्हा येते हेही महत्त्वाचं. नऊ इंची लाल विटेच्या भिंतीत उष्णतेची लाट आरपार जायला सुमारे सात तास लागतात. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारी चारला सर्वांत जास्त ऊन असेल, तर आतली बाजू रात्री अकराच्या सुमारास सर्वांत गरम होते. अकोल्यात किंवा जळगावात मे महिन्यात झोपायच्या वेळी त्या भिंतीला हात लावला की हे कळतं. हलक्या सच्छिद्र विटेत उशीर थोडा जास्तच होतो, पण पोचणारी लाट बरीच क्षीण असते.

याला एक मर्यादा आहे. एकमजली घरात उन्हाचा मोठा वाटा छतातून येतो, तिथे भिंतीची वीट बदलून भागत नाही. आणि जिथे रात्री गार वारा सुटतो व खिडक्या उघड्या ठेवता येतात, तिथे जुन्या धाब्याच्या घरांसारखी जाड, जड भिंतही दिवसाचं ऊन पोटात घेऊन चांगली निभावून नेते.

घर बांधणाऱ्याने म्हणूनच विटेचा भाव आणि आवाज यांच्या जोडीला आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. तिचं कोरडं वजन किती, चोवीस तासांत ती पाणी किती पिते, आणि वाहकतेचा चाचणी अहवाल आहे का. पहिल्या दोन गोष्टी तर घरच्या वजनकाट्यावर आणि बादलीतही तपासता येतात. मग पसंत केलेली वीट भिंतीत कोरडी राहील याची तजवीज करा. गिलावा आणि छज्जा यांत हात आखडता घेतलात, तर सच्छिद्र विटेला मोजलेले जादा पैसे पहिल्याच पावसाळ्यात वाया जातील.